माऊस थांबला म्हणजे काम थांबले का? कामाच्या ठिकाणची डिजिटल देखरेख आणि माणसाचे स्वास्थ्य

नोव्हेंबर २०२५ मध्ये कॉग्निझंट या आयटी कंपनीविषयी एक बातमी आली. काही प्रकल्पांवर काम करणाऱ्यांच्या संगणकांत प्रोहान्स नावाचे सॉफ्टवेअर वापरले जाणार असून, पाच मिनिटे माऊस किंवा कीबोर्ड हलला नाही तर कर्मचारी ‘निष्क्रिय’ आणि पंधरा मिनिटे लॅपटॉपवर काहीच हालचाल झाली नाही तर ‘जागेवर नाही’ अशी नोंद होईल, असे त्या बातमीत म्हटले होते. अशी साधने काही मोजक्याच प्रकल्पांपुरती असून व्यक्तीच्या कामगिरीचे मूल्यमापन त्यांवरून होत नाही, असा खुलासा कंपनीने केला. त्याच वर्षी जुलैमध्ये इन्फोसिसविषयीची बातमी मात्र वेगळ्या सुराची होती. घरून काम करताना दिवसाला सव्वानऊ तासांपेक्षा अधिक काळ कामात राहणाऱ्या कर्मचाऱ्यांना, कामाचे तास मर्यादेत ठेवावेत आणि स्वतःच्या प्रकृतीकडे लक्ष द्यावे, अशा आशयाचे ईमेल कंपनीकडून जाऊ लागले होते.

दोन्ही बातम्यांमध्ये माणूस यंत्रासमोर किती वेळ होता, याचीच नोंद आहे. एकीकडे तिचा उपयोग कमी वेळ बसलेला माणूस शोधण्यासाठी होऊ शकतो, तर दुसरीकडे जास्त वेळ बसलेला माणूस शोधून त्याला थांबवण्यासाठी. हा फरक कशाने पडतो आणि तो कर्मचाऱ्याच्या शरीरापर्यंत आणि मनापर्यंत कसा पोहोचतो, हे पायरीपायरीने समजून घेऊ.

## नेमके काय मोजले जाते?

देखरेख सॉफ्टवेअर म्हणजे कर्मचाऱ्याच्या संगणकात, मोबाइलमध्ये किंवा हातातल्या उपकरणात बसवलेली अशी प्रणाली, जी त्याच्या हालचालींची नोंद आपोआप करते. सर्वांत साधा प्रकार म्हणजे लॉगइन आणि लॉगआउटची वेळ. त्यापुढे कोणते ॲप किती वेळ उघडे होते, कीबोर्डच्या कळा किती वेळा दाबल्या गेल्या, ठरावीक अंतराने घेतलेले स्क्रीनशॉट, ईमेल किती आणि कुणाला गेले, मोबाइलचे ठिकाण, कॉल सेंटरमधल्या संभाषणाचा सूर, अशी ही यादी वाढत जाते.

अल्गोरिदम म्हणजे संगणकाला घालून दिलेल्या पायऱ्यांची रीत. अमुक झाले तर तमुक करायचे, असे त्याचे स्वरूप असते. गोळा झालेल्या नोंदींवरून कामाचे वाटप, शिफ्ट, गुणांकन, बढती किंवा कामावरून कमी करणे यांसारखे निर्णय अशा रीतीने होऊ लागले किंवा सुचवले जाऊ लागले, की त्याला अल्गोरिदमी व्यवस्थापन म्हणतात. या लेखात एवढ्या दोनच संज्ञा लागतील.

हा प्रश्न वातानुकूलित कार्यालयांपुरता आहे, असा समज असेल तर तो आधीच दूर करायला हवा. नागपूर आणि चंदीगडसारख्या शहरांत महापालिकेच्या सफाई कामगारांच्या मनगटावर जीपीएस असलेली घड्याळे बांधली गेली आणि कामगार आपल्या हद्दीत किती वेळ आहे, हे कार्यालयातल्या पडद्यावर दिसू लागले. मनरेगाच्या कामांवर १ जानेवारी २०२३ पासून मोबाइल ॲपवरची हजेरी सक्तीची झाली. दिवसातून दोनदा, ठिकाणाच्या नोंदीसह, मजुरांचे छायाचित्र त्यावर चढवायचे होते. घरपोच जेवण आणि किराणा पोहोचवणाऱ्यांचे तर अख्खे कामच ॲपच्या हातात असते. कोणती ऑर्डर कुणाला, कोणत्या दराने आणि किती वेळात, हे सगळे तेच ठरवते. नीती आयोगाच्या २०२२ च्या अहवालानुसार देशात २०२०-२१ मध्ये असे गिग कामगार सुमारे ७७ लाख होते आणि २०२९-३० पर्यंत त्यांची संख्या २.३५ कोटींवर जाईल, असा अंदाज आहे.

## मुकादम पूर्वीही होताच, मग आता नवे काय?

कामगाराच्या वेळेवर नजर ठेवणे जुनेच आहे. फ्रेडरिक टेलर या अमेरिकन अभियंत्याने १९११ मध्ये आपली ‘शास्त्रीय व्यवस्थापना’ची तत्त्वे पुस्तकरूपाने मांडली. कामाचे छोटे तुकडे पाडायचे, प्रत्येक तुकड्याला लागणारा वेळ स्टॉपवॉचने मोजायचा आणि त्यावरून काम ठरवून द्यायचे, हे त्यांचे सूत्र होते. त्याच वर्षी वॉटरटाऊन येथील सरकारी शस्त्रागारात एका साचेकाराच्या कामावर स्टॉपवॉच लावताच कामगार काम सोडून बाहेर पडले. हे प्रकरण थेट अमेरिकेच्या काँग्रेसपर्यंत गेले आणि काही वर्षांत सरकारी शस्त्रागारांत स्टॉपवॉच वापरण्यावर बंदी आली.

आपल्या गिरणगावालाही हा अनुभव नवा नाही. १९२८ चा मुंबईच्या गिरणी कामगारांचा प्रचंड संप एप्रिल ते ऑक्टोबर असा सुमारे सहा महिने चालला. त्यामागच्या महत्त्वाच्या कारणांपैकी एक होते ‘रॅशनलायझेशन’, म्हणजे कार्यक्षमतेच्या नावाखाली विणकराने दोनऐवजी तीन माग सांभाळावेत आणि कताई खात्यातल्या कामगाराने साच्याच्या एकाऐवजी दोन बाजू पाहाव्यात, ही मालकांची योजना. कामगारांचा आक्षेप यंत्राला नव्हता. वाढलेल्या वेगाचा भार कुणाच्या अंगावर पडणार, आणि तो ठरवताना आपल्याला कुणी विचारणार आहे की नाही, हा त्यांचा प्रश्न होता. जवळजवळ शंभर वर्षांनंतरही तो जसाच्या तसा समोर उभा आहे, असे मला वाटते.

नवे काय आहे, ते मात्र नीट पाहायला हवे. मुकादम एका वेळी एकाच बाजूला पाहू शकत असे. तो चहाला जाई, त्याला विसर पडे, आणि घरी कुणी आजारी आहे हे सांगितल्यावर त्याला ते समजतही असे. सॉफ्टवेअर मात्र सर्वांकडे, सतत, अगदी थोड्या खर्चात पाहते आणि पाहिलेले साठवून ठेवते. तीन महिन्यांपूर्वीच्या एका दुपारची पंचवीस मिनिटे त्यात तशीच राहतात, पण त्या पंचवीस मिनिटांत काय घडले होते, ते त्यात नसते.

## मोजल्याने काम वाढते, हे तर खरे ना?

हा सर्वांत स्वाभाविक आक्षेप आहे आणि त्याचे उत्तर अनेकांना अनपेक्षित वाटेल. इलेक्ट्रॉनिक देखरेखीवर वेगवेगळ्या ठिकाणी झालेल्या अभ्यासांचे एकत्रित विश्लेषण २०२२ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यानुसार देखरेखीमुळे कामातले समाधान किंचित घटते, ताण किंचित वाढतो आणि कामगिरीवर मात्र जवळजवळ काहीच परिणाम दिसत नाही. नियम मोडणे, कामचुकारपणा यांसारखे जे वर्तन रोखण्यासाठी देखरेख आणली जाते, तेही घटण्याऐवजी थोडे वाढलेले आढळले. हे परिणाम आकाराने लहान आहेत, त्यामुळे देखरेख आली की सगळे कोसळते, असा त्याचा अर्थ काढू नये. परंतु ज्या फायद्यासाठी एवढा खर्च आणि एवढा अविश्वास पत्करायचा, तो फायदाच पुराव्यात सापडत नाही.

असे का होते, हे समजण्यासाठी आपल्या स्वयंपाकघरात जाऊ. घरातली बाई भाकरी थापते आहे आणि पाठीमागे कुणीतरी घड्याळ घेऊन उभे राहिले आहे. तासाला किती भाकऱ्या झाल्या एवढेच तो लिहून घेतो. काही दिवसांत भाकऱ्यांची संख्या नक्की वाढेल. पण त्या लहान होतील, पीठ पुरेसे मळले जाणार नाही, कडा फाटतील आणि काही मध्येच कच्च्या राहतील. घरातल्यांचे पोट भरले का, हे त्या वहीत कुठेच लिहिलेले नसेल, कारण ते मोजायला अवघड आहे आणि भाकऱ्या मोजायला सोप्या आहेत.

चार्ल्स गुडहार्ट या ब्रिटिश अर्थतज्ज्ञांनी १९७५ मध्ये चलनविषयक धोरणाच्या संदर्भात याच जातीचे निरीक्षण मांडले होते. ते आज ‘गुडहार्टचा नियम’ म्हणून ओळखले जाते. सोप्या शब्दांत सांगायचे तर एखादे माप हेच उद्दिष्ट झाले की ते चांगले माप उरत नाही.

याचे उदाहरण शोधायला परदेशात जावे लागत नाही. मनरेगाच्या ॲपवरच्या हजेरीत काय चालले होते, ते केंद्रीय ग्रामविकास मंत्रालयानेच जुलै २०२५ मध्ये राज्यांना पाठवलेल्या पत्रात नोंदवले: कामाशी संबंध नसलेली छायाचित्रे चढवली जात होती, प्रत्यक्ष मजुरांऐवजी छायाचित्राचेच छायाचित्र काढले जात होते, आणि प्रत्यक्ष हजर माणसे व नोंदवलेली माणसे यांचा मेळ बसत नव्हता. म्हणजे छायाचित्राने हजेरी सिद्ध व्हावी अशी अपेक्षा होती आणि प्रत्यक्षात छायाचित्र हीच हजेरी झाली. ज्याला पळवाट काढायची होती त्याने ती काढली. त्याच वेळी जो मजूर खरोखर उन्हात खड्डा खणत होता, त्याची मजुरी मात्र नेटवर्क मिळण्यावर आणि छायाचित्र वेळेत चढण्यावर अवलंबून राहिली. बांधावर राबणाऱ्या माणसाच्या दृष्टीने हा अन्याय साधा नाही, आणि रोजगार हमीची कल्पना ज्या महाराष्ट्रात रुजली तिथल्या वाचकाला तो विशेष जाणवावा.

अमेरिकेतल्या वेल्स फार्गो बँकेने २०२४ मध्ये डझनाहून अधिक कर्मचाऱ्यांना कामावरून काढले. काम सुरू असल्याचा आभास व्हावा म्हणून त्यांनी कीबोर्डची खोटी हालचाल निर्माण केली, असे कारण नोंदवले गेले. माऊस आपोआप हलवत ठेवणारी छोटी उपकरणे बाजारात सहज मिळतात. फसवणूक चुकीचीच आहे. परंतु काम झाले की नाही हे ज्या व्यवस्थेला केवळ माऊसच्या हालचालीवरून कळते, तिला खरे काम आणि खोटी हालचाल यांतला फरक मुळात ओळखताच येत नाही.

शिवाय बरेचसे मोलाचे काम या मापात उमटतच नाही. प्रोग्रॅममधला दोष सापडत नाही म्हणून कागदावर आकृती काढत बसलेला अभियंता, नव्या सहकाऱ्याला शेजारी बसून काम शिकवणारी ज्येष्ठ कर्मचारी, ग्राहकाचा राग शांतपणे ऐकून घेणारा माणूस, हे सगळे त्या पडद्यावर ‘निष्क्रिय’ दिसू शकतात.

## ताण नेमका येतो कुठून?

कामाचा ताण म्हणजे जास्त काम, असे आपण सहज धरून चालतो. रॉबर्ट कॅरासेक या संशोधकांनी १९७९ मध्ये याहून बारकाईची मांडणी केली. त्यांच्या मते दोन गोष्टी एकत्र पाहायला हव्यात: कामाची मागणी किती आहे, आणि ते काम कसे, केव्हा व कोणत्या क्रमाने करायचे हे ठरवण्याची मोकळीक किती आहे. मागणी मोठी असूनही मोकळीक असेल तर माणूस थकतो, पण त्यातून शिकतो आणि पुढे जातो. मागणी मोठी आणि मोकळीक नगण्य, ही जोडी मात्र माणसाला आतून पोखरते.

ब्रिटनमध्ये सरकारी कर्मचाऱ्यांचा ‘व्हाइटहॉल’ नावाचा दीर्घकालीन अभ्यास झाला. त्याच्या १९८५ मध्ये सुरू झालेल्या दुसऱ्या टप्प्यात दहा हजारांहून अधिक कर्मचाऱ्यांचा समावेश होता. ज्यांचे स्वतःच्या कामावरचे नियंत्रण कमी, त्यांच्यात हृदयविकाराचा धोका अधिक, असे त्यातून दिसून आले. गैरसमज असा असतो की सर्वाधिक ताण साहेबाला असतो. या नोंदींनुसार खालच्या पायरीवरच्या, हुकूम पाळणाऱ्या माणसाचे हृदय अधिक धोक्यात होते.

आता देखरेख सॉफ्टवेअर या मांडणीत बसवून पाहा. ते कामाचा वेग वाढवते, म्हणजे मागणी वाढवते. पाच मिनिटे डोळे मिटून बसणे, उठून खिडकीशी जाणे, अवघड काम सकाळी आणि सोपे काम जेवणानंतर करणे, अशा लहानसहान सवलती माणूस स्वतःला देत असतो. देखरेख त्याही काढून घेते. म्हणजे दोन्ही काटे एकाच वेळी वाईट दिशेला सरकतात.

फ्रान्सच्या डेटा संरक्षण यंत्रणेने, सीएनआयएलने, ॲमेझॉनच्या तिथल्या गोदाम व्यवसायाला ठोठावलेल्या ३.२ कोटी युरोंच्या दंडाची माहिती जानेवारी २०२४ मध्ये जाहीर केली. त्या निर्णयात वर्णन केलेली मापे वाचली की हा मुद्दा अगदी स्पष्ट होतो. हातातल्या स्कॅनरने एक वस्तू नोंदवल्यावर सव्वा सेकंदाच्या आत दुसरी नोंदवली तर ते फार घाईचे म्हणून चूक. स्कॅनर दहा मिनिटे किंवा अधिक थांबला तर त्याची वेगळी नोंद. एक ते दहा मिनिटांच्या विरामाचीही आणखी वेगळी नोंद. प्रत्येक लहान थांब्याचे स्पष्टीकरण द्यावे लागेल अशी स्थिती यातून निर्माण होते, असे सीएनआयएलचे म्हणणे होते. कंपनीने हे निष्कर्ष अमान्य केले. आपल्याकडे जून २०२४ मध्ये हरियाणातल्या मानेसर येथील ॲमेझॉनच्याच गोदामाविषयी, ठरावीक काम पूर्ण होईपर्यंत पाणी पिण्यासाठी किंवा शौचालयासाठी थांबणार नाही अशी शपथ कामगारांकडून घेतल्याच्या बातम्या आल्या आणि राष्ट्रीय मानवाधिकार आयोगाने त्यांची दखल घेतली.

गाडीचा वेगदर्शक काटा आठवा. तो चालकासमोर असतो, म्हणून चालक स्वतः वेग सांभाळतो आणि रस्ता पाहून कमी-जास्त करतो. तोच काटा चालकाला न दाखवता मालकाच्या खोलीत लावला आणि वेग कमी झाला की पगार कापला जाऊ लागला, तर चालक रस्त्याकडे पाहायचे सोडून त्या न दिसणाऱ्या काट्याचाच विचार करत गाडी हाकेल. काट्यावरचा आकडा दोन्ही वेळी सारखाच असला तरी दुसऱ्या गाडीत बसायला मी तयार होणार नाही. इन्फोसिसच्या ईमेलमागची कल्पना मला म्हणूनच दखलपात्र वाटते, कारण तिथे नोंद कर्मचाऱ्याला दाखवली जाते आणि कामाचे तास कमी करण्यासाठी वापरली जाते. अर्थात वरिष्ठाने दिलेले काम तेवढेच राहिले, तर ईमेलने तास कमी होणार नाहीत. जागतिक आरोग्य संघटना आणि आंतरराष्ट्रीय कामगार संघटना यांच्या २०२१ च्या अंदाजानुसार, आठवड्याला ५५ तास किंवा अधिक काम केल्यामुळे आलेला पक्षाघात आणि हृदयविकार यांनी २०१६ या एका वर्षात जगभरात ७ लाख ४५ हजार माणसे दगावली. तास मोजायचेच असतील, तर ते या कारणासाठी मोजले जावेत.

## लपवण्यासारखे काही नसेल, तर भीती कशाची?

घरी आपण लपवण्यासारखे काहीच करत नसलो तरी खिडक्यांना पडदे लावतो. सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींच्या घटनापीठाने २४ ऑगस्ट २०१७ रोजी खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचे एकमताने सांगितले. हा हक्क मुख्यतः शासनाविरुद्ध वापरता येतो. पण त्यामागचा विचार कार्यालयाच्या दारात आल्यावर संपत नाही.

कामाच्या नोंदींतून कामापलीकडचे बरेच काही कळते. महिन्यातल्या ठरावीक दिवसांत जागेवरून अधिक वेळा उठणे, गरोदरपण, मधुमेह, नैराश्य, युनियनच्या कार्यकर्त्याशी झालेले बोलणे, दुसरीकडे नोकरी शोधणे, या सर्वांच्या खुणा त्यात उमटतात. सफाई कामगार स्त्रियांनी मनगटावरच्या घड्याळाविषयी शंका घेतल्या, त्या अशाच होत्या: शौचालयात गेल्यावर हे आपल्याला पाहते का, ऐकते का? त्या शंकेला तांत्रिक उत्तर देण्याआधी, ती शंका मनात बाळगून आठ तास झाडू मारणे काय असते, याचा विचार व्हायला हवा.

गोळा केलेली माहिती कुठवर जाते, याचे ठळक उदाहरण जर्मनीतले आहे. एच अँड एम या कपड्यांच्या कंपनीच्या न्यूरेम्बर्ग येथील सेवा केंद्रात कर्मचाऱ्यांच्या सुट्ट्या, आजार, कौटुंबिक अडचणी आणि धार्मिक श्रद्धा यांविषयीच्या गप्पांतून कळलेल्या गोष्टी वरिष्ठ संगणकावर लिहून ठेवत होते. हा प्रकार उघड झाल्यावर ऑक्टोबर २०२० मध्ये कंपनीला ३.५३ कोटी युरोंचा दंड झाला. आपुलकीने विचारलेली चौकशी आणि टिपून ठेवलेली चौकशी यांत केवढे अंतर आहे, ते यातून दिसते.

बोटांचे ठसे आणि चेहरा यांचाही इथेच विचार करू, कारण थंब लावून हजेरी देणे आपल्याकडे आता अंगवळणी पडले आहे. पासवर्ड चोरीला गेला तर बदलता येतो, बोट बदलता येत नाही. ब्रिटनच्या माहिती आयुक्तांनी फेब्रुवारी २०२४ मध्ये सर्को लेझर या कंपनीला, दोन हजारांहून अधिक कर्मचाऱ्यांच्या हजेरीसाठी चेहरा आणि बोटांचे ठसे वापरणे थांबवण्याचा आदेश दिला. ओळखपत्राने होणाऱ्या साध्या कामासाठी शरीराची खूण मागणे अवाजवी आहे, असा त्यामागचा विचार होता.

## लॅपटॉप कंपनीचा, पगार कंपनीचा. मग पाहण्यात गैर काय?

या आक्षेपात तथ्य आहे आणि ते मान्य करूनच पुढे जायला हवे. बँकेच्या ग्राहकांची माहिती बाहेर जाऊ नये, रुग्णाची फाइल असंबंधित माणसाने उघडू नये, ग्राहकाला तासांच्या हिशेबाने बिल द्यायचे तर ते तास खरे असावेत, एकट्याने रात्रपाळी करणाऱ्या सुरक्षारक्षकाला काही झाले तर कळावे, या गरजा खऱ्या आहेत. घरून कामाची पद्धत रुळल्यावर व्यवस्थापकांची अस्वस्थताही खरी होती. मायक्रोसॉफ्टच्या २०२२ च्या पाहणीत ८७ टक्के कर्मचारी आपण उत्पादक काम करतो असे म्हणत होते आणि आपला चमू उत्पादक आहे याची पूर्ण खात्री फक्त १२ टक्के वरिष्ठांना होती. एवढी मोठी दरी असेल तर ती भरण्यासाठी कुणीतरी सॉफ्टवेअर विकायला येणारच.

परंतु पगाराच्या बदल्यात कंपनीने काम विकत घेतलेले असते, माणूस नव्हे. महत्त्वाची फाइल कुणी उघडली याची नोंद ठेवणे म्हणजे तिजोरीवर पहारा ठेवणे. प्रत्येकाच्या स्क्रीनचे दर दहा मिनिटांनी छायाचित्र घेणे म्हणजे सगळ्यांना चोर समजणे. मायक्रोसॉफ्टलाही हे एकदा अनुभवातून कळले. २०२० च्या अखेरीस आलेल्या तिच्या ‘प्रॉडक्टिव्हिटी स्कोअर’ या सुविधेत व्यक्तीच्या नावासह वापराचे आकडे वरिष्ठांना दिसत होते. टीका होताच काही दिवसांत नावे काढून टाकण्यात आली आणि आकडे संस्थेच्या पातळीवरच ठेवण्यात आले. त्या बदलानंतरही संस्थेत ईमेलचा भार किती आहे हे कळू शकते. कोणत्या बाईने दुपारी किती ईमेल पाठवले हे कळत नाही, आणि ते कळण्याची गरजही नव्हती.

## यंत्र निदान पक्षपात तरी करत नाही!

करते, कारण ते जुन्या नोंदींवरून शिकते आणि जुन्या नोंदी माणसांच्याच असतात. ॲमेझॉनने नोकरीचे अर्ज निवडण्यासाठी तयार करून पाहिलेल्या प्रणालीने पुरुषांना झुकते माप दिले आणि अर्जात ‘महिलांचा’ या अर्थाचा शब्द आला की गुण कमी केले, ही गोष्ट २०१८ मध्ये बाहेर आली. तोवर कंपनीने तो प्रयोग गुंडाळला होता.

## आमची कंपनी स्वास्थ्य ॲप देते, ते पुरेसे नाही का?

मनुष्यबळ विभागांचा, म्हणजे एचआरचा, अलीकडचा आवडता उपाय म्हणजे ध्यानाचे ॲप, लवचिक मनोवृत्तीचे वर्ग, झोपेची नोंद ठेवणारे मनगटी पट्टे आणि दर आठवड्याला ‘आज तुम्हाला कसे वाटते’ असा प्रश्न. हेतू बहुधा चांगलाच असतो. ऑक्सफर्ड विद्यापीठातल्या एका संशोधकाने ब्रिटनमधल्या २३३ संस्थांतल्या ४६,३३६ कर्मचाऱ्यांच्या माहितीच्या आधारे अशा उपक्रमांचा अभ्यास २०२४ मध्ये प्रसिद्ध केला. त्यांत भाग घेणारे कर्मचारी भाग न घेणाऱ्यांपेक्षा अधिक सुस्थितीत असल्याचे त्यात दिसले नाही. अपवाद होता तो सेवाभावी कामाच्या संधीचा.

जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये आपल्या आजारांच्या वर्गीकरणात ‘बर्नआउट’ची व्याख्या केली, ती इथे उपयोगी पडते. ऊर्जा संपून जाणे, कामापासून मन दुरावणे किंवा त्याविषयी कडवटपणा येणे, आणि आपल्या हातून काही नीट होत नाही असे वाटणे, ही त्याची तीन अंगे सांगितली आहेत. संघटनेने त्याला आजार म्हटलेले नाही. नीट न हाताळल्या गेलेल्या, कामाच्या ठिकाणच्या दीर्घकालीन ताणातून उद्भवणारी ती स्थिती आहे, असे म्हटले आहे. कारण कामाच्या ठिकाणी असेल, तर उपाय कर्मचाऱ्याच्या श्वासोच्छ्वासात शोधून कसा चालेल? छत गळत असताना घरातल्या प्रत्येकाला छत्री वाटण्यासारखे ते आहे. छत्रीने माणूस थोडा कोरडा राहतो. भिंतींत ओल मुरतच राहते.

मनःस्थिती विचारणाऱ्या पाहणीबाबत एक सावधगिरी सांगावीशी वाटते. चमू सहा जणांचा असेल आणि अहवाल चमूनिहाय जात असेल, तर ‘निनावी’ या शब्दाला फारसा अर्थ उरत नाही. असे उत्तर कुणी दिले असेल, हे वरिष्ठाला सहज ओळखता येते. हे कर्मचाऱ्यांना कळते, म्हणून ते ‘उत्तम’वर खूण करून मोकळे होतात आणि कंपनीला सगळे उत्तम चालले आहे असे वाटू लागते.

## कायदा काय म्हणतो?

युरोपने दोन रेषा आखल्या आहेत. कामाच्या ठिकाणी माणसाच्या भावना ओळखू पाहणाऱ्या कृत्रिम बुद्धिमत्तेवर, वैद्यकीय आणि सुरक्षेची कारणे वगळता, २ फेब्रुवारी २०२५ पासून युरोपीय महासंघात बंदी आहे. प्लॅटफॉर्मवर, म्हणजे ॲपमार्फत, काम करणाऱ्यांविषयीचा २०२४ चा निर्देश सदस्य देशांनी २ डिसेंबर २०२६ पर्यंत आपापल्या कायद्यात आणायचा असून, त्यानुसार खाते बंद करण्यासारखा निर्णय केवळ यंत्रावर सोडता येणार नाही.

भारतात डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा २०२३ मध्ये संमत झाला. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले असून मुख्य तरतुदी त्यानंतर अठरा महिन्यांनी लागू होणार आहेत. कर्मचाऱ्याच्या दृष्टीने या कायद्यातले कलम ७ कळीचे आहे. ‘नोकरीच्या प्रयोजनासाठी’ आणि मालकाचे नुकसान किंवा दायित्व टाळण्यासाठी वैयक्तिक माहिती संमतीविना वापरण्याची मुभा त्यात दिली आहे. आपली कोणती माहिती वापरली जाते हे मागण्याचा, आणि ती दुरुस्त करून घेण्याचा किंवा पुसून टाकायला लावण्याचा हक्क कायद्याने प्रामुख्याने संमती देणाऱ्याशी जोडला आहे. त्यामुळे जिथे संमतीच मागितली जात नाही, तिथे कर्मचाऱ्याच्या हातात हे हक्क दुबळे होतात. ही मला या कायद्यातली मोठी उणीव वाटते. जमेची बाजू एवढी, की माहितीच्या आधारे त्या व्यक्तीवर परिणाम करणारा निर्णय घ्यायचा असेल तर ती पूर्ण आणि अचूक असावी, ही जबाबदारी संस्थेवर राहते. माहितीच्या सुरक्षिततेत कसूर झाल्यास २५० कोटी रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो आणि तक्रार निवारणाची सोय ठेवणे बंधनकारक आहे.

कर्नाटकाने २०२५ मध्ये गिग कामगारांसाठी केलेल्या कायद्यात, स्वयंचलित देखरेख आणि निर्णयप्रणाली कशी चालते याची माहिती कामगाराला मिळावी, अशी तरतूद केली आहे. कामाच्या वेळेनंतर फोन आणि ईमेल न घेण्याचा हक्क फ्रान्समध्ये २०१७ पासून, तर ऑस्ट्रेलियात ऑगस्ट २०२४ पासून अस्तित्वात आहे. आपल्याकडे खासदार सुप्रिया सुळे यांनी याविषयीचे खासगी विधेयक लोकसभेत २०१८ मध्ये आणि पुन्हा डिसेंबर २०२५ मध्ये मांडले.

## मग उद्या सकाळी काय विचारायचे?

कायदा पक्का होण्याची वाट न पाहता एचआरला लेखी विचारता येतील असे काही प्रश्न आहेत आणि ते एकट्याने विचारण्यापेक्षा चमूने मिळून विचारलेले बरे. माझ्या संगणकावर आणि फोनवर नेमके काय नोंदवले जाते, आणि कोणत्या कारणासाठी? ते कारण कमी माहितीत भागत नाही का? नोंद कोण पाहते, आणि मी स्वतः ती पाहू शकतो का? ती किती दिवसांनी पुसली जाते? पगार, बढती किंवा कपात यांच्याशी तिचा संबंध आहे का, आणि असल्यास चूक दाखवून देण्यासाठी मी कोणत्या माणसाकडे जायचे? स्वतःच्या मोबाइलवर कंपनीचे ॲप असेल, तर ड्यूटी संपल्यावर ठिकाणाची नोंद थांबते का?

व्यवस्थापकांसाठी मी एवढेच सुचवेन की सॉफ्टवेअर विकत घेण्याआधी, आपल्याकडचे काम चांगले झाले म्हणजे नेमके काय झाले, हे कर्मचाऱ्यांसोबत बसून एका कागदावर लिहून काढावे. किती तक्रारी सुटल्या आणि पुन्हा आल्या नाहीत, किती चुका ग्राहकापर्यंत पोहोचण्याआधी पकडल्या गेल्या, नवा माणूस किती दिवसांत स्वतंत्रपणे काम करू लागला, अशी मापे त्या कागदावर उतरतील. ती महिन्यातून एकदा पाहिली तरी पुरतात, आणि त्यांसाठी कुणाच्या माऊसकडे पाहत बसावे लागत नाही.